स्पोर्ट सस्पेन्शनच्या रकान्यापुढे खूण करण्यापूर्वी

स्पोर्ट्स कारच्या पर्यायांच्या यादीत स्पोर्ट सस्पेन्शनचा रकाना आला की बहुतेक खरेदीदार फारसा विचार न करता त्यापुढे खूण करतात. दोन आसनांच्या गाडीसाठी कोटभर रुपये मोजायचे आणि सस्पेन्शन मात्र साधे घ्यायचे, ही कल्पनाच त्यांना कमीपणाची वाटते. शिवाय खाली बसलेली गाडी शोरूममध्ये अधिक देखणी दिसते आणि पुढे विकतानाही चटकन डोळ्यांत भरते. माझे मत याच्या उलट आहे. गोव्यात राहणाऱ्या आणि गाडी मुख्यतः गोव्यातच चालवणाऱ्या माणसाने साधे सस्पेन्शन घ्यावे, शक्य असेल तर त्याला इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या शॉक ॲब्सॉर्बरची जोड द्यावी आणि वाचलेले पैसे टायर व अलाइनमेंटवर खर्च करावेत. हे मत केवळ खड्ड्यांच्या भीतीतून आलेले नाही. साधे सस्पेन्शन म्हणजे आरामासाठी केलेली तडजोड आणि खरी पकड मिळते ती स्पोर्टमध्येच, हा समजच मुळात चुकीचा आहे आणि आमच्याकडच्या रस्त्यांवर तो महागात पडतो.

स्पोर्ट सस्पेन्शन या एका नावाखाली साधारणपणे चार बदल एकत्र येतात. स्प्रिंगा अधिक कडक आणि आखूड होतात, शॉक ॲब्सॉर्बर त्या स्प्रिंगांना आवरतील इतके घट्ट केले जातात, अँटी-रोल बार, म्हणजे डावे-उजवे चाक जोडून गाडीचे कलणे आवरणारे दांडे, जाड होतात आणि या सगळ्यांचा परिणाम म्हणून गाडीची उंची कमी होते. कोणती कंपनी यांतले काय किती बदलते, यात मात्र मोठा फरक असतो. २०१६ मध्ये आलेल्या पोर्शच्या ७१८ मालिकेचे उदाहरण घेऊ. तिच्या मूळ बांधणीत साध्या स्प्रिंगा आणि ठरावीक घट्टपणाचे शॉक ॲब्सॉर्बर येतात. पीएएसएम या नावाने मिळणारे इलेक्ट्रॉनिक शॉक ॲब्सॉर्बर घेतले तर गाडी १० मिलिमीटर खाली बसते. अधिक ताकदीच्या मॉडेलांसाठी त्याचाच स्पोर्ट प्रकार आहे, त्यात ती २० मिलिमीटर खाली येते. आणि जीटी४ मध्ये हा आकडा ३० मिलिमीटर होतो. कागदावर हे आकडे नगण्य दिसतात. पण चाकाला वर उचलले जाण्यासाठी मिळणारी जागा मुळातच काही सेंटिमीटरांची असते आणि त्यातलेच दोन सेंटिमीटर गाडी नुसती उभी असताना खर्ची पडतात, हे ध्यानात घेतले म्हणजे आकड्याचे वजन कळते.

स्प्रिंगच्या कडकपणाविषयी बोलताना टक्केवारीपेक्षा आंदोलनसंख्या पाहावी, असे मला वाटते. गाडी स्प्रिंगांवर मोकळी सोडली तर ती सेकंदाला किती वेळा वरखाली होईल, ती ही संख्या. कुटुंबाच्या आरामदायी गाडीत ती साधारण १ ते १.५ असते, रस्त्यावर चालवायच्या स्पोर्ट्स कारमध्ये १.५ ते २ आणि वेगात वाऱ्यानेच रस्त्यावर दाबल्या जाणाऱ्या शर्यतीच्या गाडीत ३ किंवा त्याहूनही पुष्कळ जास्त. स्प्रिंगवर गाडीचे वजन पडले की ती किती दबते, हे याच संख्येवरून काढता येते: १.५ आंदोलनांच्या स्प्रिंगसाठी सुमारे ११ सेंटिमीटर, तर २ आंदोलनांच्या स्प्रिंगसाठी जेमतेम ६ सेंटिमीटर. ही दुसरी गाडी एखाद्या खोलगट जागेवरून जाताना चाकाला खाली उतरून रस्ता धरायला मिळणारी मुभा त्या प्रमाणात घटते. चाक रस्त्याचा पाठलाग करू शकले नाही की क्षणभर टायरवरचा भार कमी होतो, आणि भार कमी झालेला टायर वळवतही नाही आणि थांबवतही नाही. पकड मोजायची ती येथे.

कडक सस्पेन्शनमुळे वळणावर बाहेरच्या चाकांवर कमी भार जातो, असे पुष्कळ जाणकार मंडळीही म्हणतात. वस्तुस्थिती अशी की आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा एकूण भार गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधले अंतर, गाडीचे वजन आणि वळणाचा वेग यांवर ठरतो. स्प्रिंग कडक की मऊ, याचा त्या बेरजेशी जवळपास संबंध नाही. स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार फक्त एवढेच ठरवतात की तो भार पुढच्या आणि मागच्या आसात कसा वाटला जाईल, गाडी किती कलेल आणि कलायला किती वेळ घेईल. राहता राहिली उंची. अशा गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्धा मीटर धरला, तर २० मिलिमीटर खाली आल्याने भाराच्या सरकण्यात सुमारे ४ टक्क्यांचा फरक पडतो. शर्यतीच्या मैदानावर, प्रत्येक फेरीचे शतांश सेकंद मोजणाऱ्याला ४ टक्के मोलाचे आहेत. फोंड्याहून मडगावला जाणाऱ्याला ते जाणवणारही नाहीत. जाणवेल तो गाडीच्या पोटाखालून गेलेला दोन सेंटिमीटरांचा अवकाश.

मग स्पोर्ट सस्पेन्शन घेणारा माणूस नेमके कशाचे पैसे मोजतो? तो पैसे मोजतो तत्परतेचे. स्टिअरिंग फिरवल्यापासून गाडी वळणात स्थिरावेपर्यंतचा वेळ कमी होतो, ब्रेक लावताना नाक कमी खाली जाते, डावी-उजवी वळणे लागोपाठ आली तर गाडीचा वरचा भाग मागे रेंगाळत नाही. हा आनंद खरा आहे, आणि ज्याने तो गुळगुळीत रस्त्यावर घेतला आहे त्याला मी वेड्यात काढणार नाही. पण तत्परता आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्ता सपाट असेल तोवर त्या हातात हात घालून चालतात. रस्ता उखडला की त्यांची फारकत होते.

ही फारकत ओळखणारे गाडीकर्ते नवे नाहीत. लोटसच्या कॉलिन चॅपमन यांनी १९६२ च्या इलानमध्ये स्प्रिंगा मऊ आणि चाकांची हालचाल लांब ठेवली, गाडी हलकी ठेवली आणि शिस्त लावायचे काम शॉक ॲब्सॉर्बरांकडे सोपवले. वळणावरची सर्वांत गुणी गाडी म्हणून तिचे नाव आजही घेतात. २०१७ मध्ये आलेली अल्पिन ए११० ही त्याच विचाराची अलीकडची गाडी. सुमारे ११०० किलो वजन, चारही चाकांना दुहेरी विशबोन (चाक धरणाऱ्या वर-खाली दोन भुजा), मऊ स्प्रिंगा आणि हालचालीच्या शेवटी धक्का गिळणारे हायड्रॉलिक बंपस्टॉप, अशी तिची रचना आहे. पुढे २०१९ मध्ये त्याच कंपनीने ए११०एस काढली, तेव्हा स्प्रिंगा ५० टक्के आणि अँटी-रोल बार १०० टक्के कडक केले, पण उंची कमी केली ती अवघी ४ मिलिमीटर. निवड कशी करावी हे शिकायला याहून चांगली जोडी सापडणार नाही. स्प्रिंग ५० टक्के कडक झाली तरी आंदोलनसंख्या वर्गमुळाच्या हिशेबाने सुमारे २२ टक्केच वाढते आणि चाकाच्या हालचालीला मिळणारी जागा जवळजवळ तशीच राहते. तत्परता मागणाऱ्याला ती दिली, पण गाडी जमिनीला टेकवली नाही. स्पोर्ट म्हणवणारे सगळेच सस्पेन्शन असे असते, तर हा लेख लिहिण्याची गरजच पडली नसती.

गेल्या हिवाळ्यात ७१८ मालिकेतल्या केमन या गाडीचे दोन नमुने एकाच रस्त्यावर पाठोपाठ चालवण्याची संधी मला मिळाली. एक मूळ बांधणीची, १८ इंची चाकांवरची, म्हापशातल्या एका स्नेह्यांची. दुसरी जीटीएस ४.०, म्हणजे २० मिलिमीटर खाली बसलेली आणि २० इंची चाकांची, त्यांच्याच मडगावच्या मित्राची. पर्वरीहून म्हापसा, अस्नोडा, डिचोली, सांखळीमार्गे केरी आणि पुढे चोर्ला घाट, हा रस्ता आम्ही मुद्दाम निवडला, कारण त्यात गोव्यातल्या रस्त्यांचे जवळजवळ सगळे प्रकार येतात: गावातले अरुंद वळसे, खनिजाच्या ट्रकांनी चाकोरी पाडलेले पट्टे, पाइप टाकून बुजवलेले आडवे चर आणि शेवटी घाट.

पर्वरी ते म्हापसा या महामार्गाच्या तुकड्यावर जीटीएस निर्विवाद सरस होती. लेन बदलताना ती एका क्षणात नव्या रेषेत बसे. मूळ बांधणीची गाडी तेच काम किंचित झुकून, एक श्वास जास्त घेऊन करी. सांखळीपर्यंत हा फरक पुसट होत गेला आणि केरीच्या पुढे तो उलटा झाला. चढण सुरू झाल्यावर एका डाव्या वळणाच्या ऐन मध्यावर डांबराचे ठिगळ होते, कडेला बोटभर उंच. जीटीएसचे उजवे पुढचे चाक त्या कडेवर आले, स्टिअरिंगला झटका बसला आणि गाडीचे नाक वीतभर बाहेर सरकले. पाठोपाठ मागचे चाक तेथे पोहोचले तेव्हा तेही तसेच उडाले. वेग मुळीच जास्त नव्हता. मूळ बांधणीच्या गाडीत त्याच वेगाने, त्याच ठिगळावर नुसता एक दबका धक्का जाणवला, स्टिअरिंगने तो हाताला कळवला आणि गाडी आपल्या रेषेतून ढळली नाही. त्यानंतरच्या वळणांवर जीटीएसमध्ये मी नकळत पाय आवरता घेऊ लागलो, कारण पुढच्या वळणात डांबर कसे असेल याची खात्री नव्हती. ज्या गाडीत चालकाचा विश्वास टिकतो, तीच त्या रस्त्यावर वेगवान ठरते, मग इंजिनाची ताकद कागदावर काहीही असो.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. त्या दोन गाड्यांमध्ये फक्त सस्पेन्शनचा फरक नव्हता, चाकांचाही होता, आणि चाकांचा हिस्सा लोक फार कमी लेखतात. मूळ गाडीच्या पुढच्या टायरचे माप २३५/४५, म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर आणि टायरची बाजूची भिंत तिच्या ४५ टक्के, सुमारे १०६ मिलिमीटर उंच. २० इंची चाकावर तेच माप २३५/३५ होते आणि ती भिंत ८२ मिलिमीटरवर येते. टायर हीदेखील एक स्प्रिंगच आहे, आणि खडबडीत डांबराची बारीक थरथर, पुलाच्या सांध्याचा ठोका, खड्ड्याची धारदार कड या गोष्टी सस्पेन्शनपर्यंत पोहोचण्याआधी टायरनेच गिळायच्या असतात. उभ्या दिशेने सेकंदाला ४ ते ८ या टप्प्यातली कंपने माणसाच्या शरीराला सर्वांत जास्त त्रास देतात. घट्ट शॉक ॲब्सॉर्बर आणि बारीक भिंतीचे टायर एकत्र आले की नेमकी हीच कंपने आसनापर्यंत झिरपतात. म्हणून स्पोर्ट सस्पेन्शनची गाडी कोणी आधीच घेतली असेल आणि ती असह्य वाटत असेल, तर सस्पेन्शनला हात लावण्यापूर्वी कंपनीने मंजूर केलेली एक इंच लहान चाके लावून पाहावीत. रिम वाकण्याचा धोकाही त्यामुळे कमी होतो, आणि पावसाळ्यात पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यांचा विचार करता हा फायदा लहान नव्हे.

पावसाळ्याचा मुद्दा तर स्वतंत्रच मांडायला हवा, कारण गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. ओल्या रस्त्यावर टायरची पकड मुळात कमी, त्यामुळे वळणावर गाडीवर येणारे बलही कमी. कडक स्प्रिंगा ज्या बलांना तोंड देण्यासाठी बनवलेल्या असतात ती बलेच तेथे निर्माण होत नाहीत. म्हणूनच शर्यतीच्या मैदानावरसुद्धा पाऊस आला की तंत्रज्ञ अँटी-रोल बार आणि शॉक ॲब्सॉर्बर सैल करतात. सैल गाडीत भार सावकाश सरकतो आणि पकड सुटण्यापूर्वी चालकाला तशी जाणीव होते. डोंगरउतारावरून वाहून आलेली तांबडी माती वळणावर पातळ थर धरून बसलेली असते तेव्हा ही जाणीव अर्धा सेकंद आधी मिळणे किती मोलाचे असते, ते डिचोली-सत्तरीच्या बाजूला पावसात गाडी चालवणाऱ्याला सांगावे लागत नाही. आमच्या वर्षाचा तिसरा हिस्सा असा असतो. त्या काळात गाडी झाकून ठेवण्याचा निर्धार असेल तर गोष्ट वेगळी.

आता उंचीकडे वळू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता येतो. केमनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २.४७५ मीटर आहे. मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर तिची चारही चाके एकाच वेळी मावतात, आणि गोलाईचा हिशेब मांडला तर गाडीच्या पोटाखाली त्याचा उंचवटा फक्त साडेचार सेंटिमीटर वर येतो. तेवढ्याने २० मिलिमीटर खाली बसलेली गाडीही घासणार नाही. परंतु गावाच्या वेशीवर, शाळेपुढे किंवा देवळाच्या वळणावर जे आखूड आणि उभट गतिरोधक आढळतात, ते दोन आसांच्या मधे पूर्णपणे मावतात आणि त्यांची सगळी उंची गाडीच्या पोटात शिरते. तेथे दोन सेंटिमीटरच निकाल लावतात. मूळ गाडी तिरकी घालून, एकेक चाक चढवून निघून जाते. खाली बसलेल्या गाडीतल्या माणसाला सोबत्याला खाली उतरवावे लागते, आणि तरीही खालून तो जीव कासावीस करणारा खरखरीचा आवाज येतोच.

फेरीबोटीचा विचार तर गोव्याबाहेरच्या कोणत्याही सल्लागाराच्या मनात येणार नाही. रायबंदरहून चोडणला किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला गाडी न्यायची तर धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यामध्ये एक कोन तयार होतो, आणि तो भरती-ओहोटीप्रमाणे बदलत राहतो. ओहोटीच्या वेळी तो इतका तीव्र असू शकतो की खाली बसलेल्या गाडीचा पुढचा ओठ चाकांच्या आधी फळीला भेटतो. ज्यांचे घर किंवा कुळागर (सुपारी-नारळाची बाग) पलीकडच्या तीरावर आहे, त्यांनी गाडी मागवण्यापूर्वी ओहोटीच्या वेळी धक्क्यावर उभे राहून तो कोन डोळ्यांनी पाहावा. ९११ सारख्या गाड्यांत पुढचा आस सुमारे ४० मिलिमीटर उचलणारी यंत्रणा पर्याय म्हणून मिळते; ती असेल तर हा प्रश्न बराचसा सुटतो, पण उंची वाढते ती फक्त पुढे आणि फक्त कमी वेगात, हे विसरून चालणार नाही. रस्त्यात मध्येच आलेल्या खड्ड्यापुढे ती निरुपयोगी आहे.

इलेक्ट्रॉनिक शॉक ॲब्सॉर्बरांची शिफारस मी का करतो, तेही सांगायला हवे. शॉक ॲब्सॉर्बरमधला दट्ट्या दोन अगदी वेगळी कामे करतो. गाडी वळणात कलते किंवा ब्रेक लावल्यावर नाक टेकवते तेव्हा तो सावकाश सरकतो. चाक खड्ड्याच्या कडेवर आपटते तेव्हा तो झपाट्याने सरकतो. चांगल्या शॉक ॲब्सॉर्बरने पहिल्या कामात घट्ट आणि दुसऱ्या कामात सैल असावे. साध्या बांधणीतही झडपांच्या रचनेने हे काही प्रमाणात साधते, पण कारखान्यातच ठरलेला तो एक समतोल बदलता येत नाही. इलेक्ट्रॉनिक प्रकारात संगणक प्रत्येक चाकाचा घट्टपणा चालता-चालता बदलत राहतो, आणि चालकालाही एका बटणाने त्यात निवड करता येते. याचाच एक प्रकार म्हणजे चुंबकीय शॉक ॲब्सॉर्बर. त्यातल्या तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण असतात आणि विजेच्या प्रवाहाने ते तेल क्षणार्धात दाट होते. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये ते प्रथम आले, पुढे कॉर्व्हेट, ऑडी टीटी आणि मस्टँगपर्यंत पसरले. मात्र स्प्रिंगेचा कडकपणा आणि गाडीची उंची बटणाने बदलत नाही. म्हणूनच मऊ स्प्रिंग आणि हुशार शॉक ॲब्सॉर्बर ही जोडी मला कडक स्प्रिंग आणि हुशार शॉक ॲब्सॉर्बर या जोडीपेक्षा आमच्या रस्त्यांसाठी अधिक शहाणपणाची वाटते. पहिली जोडी मांडवीवरच्या अटल सेतूवर घट्ट होऊ शकते. दुसरी चोर्ल्याच्या ठिगळांवर हवी तेवढी मऊ होऊ शकत नाही.

स्पोर्ट सस्पेन्शन मग कोणी घ्यावे? ज्याचा बहुतेक प्रवास राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या रुंद झालेल्या तुकड्यांवर, मांडवी आणि झुआरीवरच्या नव्या पुलांवर होतो, ज्याच्या घरापर्यंतचा रस्ता धड आहे, आणि जो वर्षातून काही वेळा तरी गाडी कोइम्बतूरच्या किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर नेणार आहे, त्याने ते जरूर घ्यावे. ट्रॅकवर वारंवार जाणाऱ्याला साध्या सस्पेन्शनमध्ये गाडी फार कलते, बाहेरच्या टायरची कड लवकर झिजते आणि लागोपाठच्या वळणांत गाडी मागे पडते. तेथे माझा सगळा युक्तिवाद उलटा होतो आणि ते मला मान्य आहे. पण ट्रॅकवर कधीतरी जाऊ या आशेवर रोजची गाडी निवडू नये.

ज्यांना साध्या सस्पेन्शनमध्ये थोडी अधिक धार हवी आहे त्यांनी आधी अलाइनमेंटकडे पाहावे. कंपनीने दिलेल्या मर्यादेतच पुढच्या चाकांचा निगेटिव्ह कँबर (चाकाचा वरचा भाग आत झुकण्याचा कोन) थोडा वाढवला आणि टो (चाकांची टोके आत किंवा बाहेर वळण्याचे माप) काटेकोर लावला, तर वळणात शिरताना गाडीचे नाक लक्षणीय चपळ होते. टायर ताजे आणि चांगल्या प्रतीचे असावेत, हवेचा दाब थंड टायरवर मोजलेला असावा. हे सगळे काम एका सकाळी होते आणि आवडले नाही तर पूर्ववत करता येते. याच्या अगदी उलट मार्ग म्हणजे बाजारातून आखूड स्प्रिंगा आणून मूळ शॉक ॲब्सॉर्बरांवर चढवणे, आणि त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. मूळ शॉक ॲब्सॉर्बर त्या कडक स्प्रिंगेला आवरू शकत नाही, त्याचा दट्ट्या कायम अर्धा दबलेला राहतो आणि बंपस्टॉपवर आपटत राहतो. शिवाय ७१८ प्रमाणे चारही कोपऱ्यांत मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) असलेल्या गाडीत उंची फार कमी केली की खालचे आर्म चुकीच्या दिशेने कलतात, गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो आणि कलण्याची प्रवृत्ती उलट वाढते. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मान्य नाहीत, हाही मुद्दा आहेच. स्पोर्ट सस्पेन्शन हवेच असेल तर ते कारखान्यातून आलेले घ्यावे.

वापरलेली गाडी घेणाऱ्यांसाठी आणखी थोडे. बॉनेट दाबून गाडी किती वेळा उसळते ते पाहण्याची जुनी रीत अशा गाड्यांवर फारसे काही सांगत नाही, कारण अर्धे काम संपलेला घट्ट शॉक ॲब्सॉर्बरही गाडीला एका उसळीत थांबवतो. गाडी लिफ्टवर घ्यावी, चाक उतरवावे आणि स्ट्रटची दांडी उजेडात पाहावी. दांडीवर चकचकीत कोरडेपणा असावा. तेलाचा ओला पट्टा आणि त्यावर चिकटलेली तांबडी धूळ दिसली तर सील गेले आहे असे समजावे. दांडीवरचा फेसाळ रबराचा बंपस्टॉप चुरा होऊन गळू लागला असेल, तर ती गाडी बराच काळ तळाला आपटत चाललेली आहे, मग विक्रेता काहीही म्हणो. किनाऱ्यालगत राहिलेल्या गाडीत स्प्रिंगेच्या सगळ्यांत खालच्या वेढ्याखाली गंज साचतो आणि तो वेढा तेथेच तुटतो, म्हणून तेथे बोट फिरवून पाहावे. शेवटी, समोरच्या गाडीत कारखान्यातून कोणते सस्पेन्शन आले होते याची खात्री चेसिस नंबरवरून अधिकृत सेवा केंद्रात करून घ्यावी आणि त्याची लेखी नोंद मागावी. नोंदीत साधे सस्पेन्शन लिहिलेले असेल आणि गाडी मात्र खाली बसलेली दिसत असेल, तर मूळ स्प्रिंगा परत मिळतील का, एवढेच विचारावे आणि नाही असे उत्तर आले तर दुसरी गाडी पाहावी.